धावत्या गाडीतील विजेची शिदोरी

प्रवासाला निघताना शिदोरी बांधून घेण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. वाटेत अन्नाची सोय होईलच असा भरवसा जेथे नसतो, तेथे चार दशम्या आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या बरोबर असला की मन निर्धास्त राहते. आजच्या प्रवाशाला आणखी एका शिदोरीची गरज भासू लागली आहे, आणि ती म्हणजे विजेची. मधुमेही मनुष्य मोटारीने दूरच्या प्रवासाला निघाला, की त्याच्या जवळचे न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहावे लागते. त्यासाठी गाडीत बॅटरीवर चालणारा लहानसा फ्रिज ठेवतात. झोपेत श्वास अडण्याचा विकार ज्याला आहे, त्याला रात्रीच्या मुक्कामी हवेचा दाब देणारे यंत्र लागते. कच्छच्या रणाकडे किंवा स्पीतीच्या खोऱ्याकडे जाऊन गाडीतच मुक्काम करणाऱ्यांना दिवा, पंखा आणि फोन यांसाठी वीज हवी असते. या सर्वांची भिस्त गाडीत ठेवलेल्या एका दुसऱ्या बॅटरीवर असते.

परदेशांत या बॅटरीला फुरसतीची बॅटरी अशा अर्थाचे नाव पडले आहे, कारण गाडी थांबल्यावर, विसाव्याच्या वेळी ती कामाला येते. पण जिच्यावर कोणाचे औषध किंवा कोणाचा श्वास अवलंबून आहे, ती त्या माणसाच्या दृष्टीने मुळीच फुरसतीची वस्तू नव्हे. दिवसा गाडी धावत असताना ही बॅटरी भरून घ्यावी आणि रात्री वापरावी, ही कल्पना साधी आणि रास्त आहे. ती अमलात आणण्याची रीत मात्र अनेकदा धोक्याची असते. दोन वायरी घेऊन ही बॅटरी गाडीच्या बॅटरीला जोडून टाकली की काम झाले, असा समज पुष्कळांचा असतो. त्यातून कधी सकाळी गाडीच सुरू होत नाही, कधी वायर वितळते, आणि क्वचित प्रसंगी गाडी पेट घेते. ही सोय निर्धोक करणे अवघड नाही. परंतु त्यासाठी दोन्ही बॅटऱ्यांचा स्वभाव आणि त्यांच्यामधील व्यवहार समजावून घ्यावयास हवा.

पुन्हा पुन्हा भरता येईल अशी शिशाची बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये तयार केली. गंधकाम्लात बुडवलेले शिशाचे पत्रे हे तिचे मूळ रूप होते. आजच्या बहुतेक मोटारींतील बॅटरी तिचीच वंशज आहे. मोटारीत तिला मानाचे स्थान मिळाले ते १९१२ साली. त्या वर्षीच्या कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग याने सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर बसवण्यात आला आणि हँडल मारून इंजिन सुरू करण्याचे कष्ट हळूहळू संपुष्टात आले. स्टार्टरला काही सेकंदच, पण शंभर-दोनशे ॲम्पिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह लागतो. तो एकदम देता यावा म्हणून गाडीच्या बॅटरीत पातळ पत्रे पुष्कळ संख्येने बसवतात. ही बॅटरी पहिलवानासारखी आहे. एका दमात ती मोठे ओझे उचलील. पण दिवसभर पालखी वाहून नेणे हे तिचे काम नव्हे. तिला वरचेवर पुरती उतरू दिली, तर ती थोड्याच काळात निकामी होते.

दुसऱ्या बॅटरीचा पिंड भोयाचा आहे. तिचे पत्रे जाड असतात. तिच्यातून एकदम मोठा प्रवाह घ्यावयाचा नसतो. थोडा थोडा प्रवाह पुष्कळ तास घ्यावयाचा असतो. घरोघरी इन्व्हर्टरला जोडलेली ‘ट्यूब्युलर’ बॅटरी याच जातीची असते. मात्र घरची तीच बॅटरी उचलून डिकीत ठेवण्याचा मोह आवरावा. ती उंच असते, तिच्यातील आम्ल गाडीच्या हिंदकळ्यांनी सांडते, आणि १५० ॲम्पिअर-तासांच्या अशा बॅटरीचे वजन ५० किलोंच्या वर भरते. गाडीसाठी बंदिस्त, आम्ल न सांडणारी आणि खोलवर उतरण्याचा सराव असलेली बॅटरीच निवडावी.

आता धावत्या गाडीत वीज येते कोठून, ते पाहिले पाहिजे. पूर्वीच्या गाड्यांत हे काम डायनॅमो करीत असे. १९६० च्या दशकापासून अल्टरनेटरने त्याची जागा घेतली. इंजिनाच्या पट्ट्याने फिरणारे हे यंत्र साधारणपणे १४ ते १४.४ व्होल्ट दाबाची वीज देते. १२ व्होल्टची म्हणून ओळखली जाणारी शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली आणि विसावलेली असताना १२.७ व्होल्टच्या आसपास असते. निम्मी उतरली की १२.२ च्या आसपास येते. पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहते, तसा विद्युत्प्रवाह अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जातो. अल्टरनेटर आणि बॅटरी यांच्यामधील हा जेमतेम दीड-दोन व्होल्टांचा उतार हाच चार्जिंगचा सारा आधार आहे. पुढील बहुतेक नियम या उतारातूनच निघतात.

पहिला नियम असा, की इंजिन बंद झाले की दोन्ही बॅटऱ्यांमधील जोडणी आपोआप तुटली पाहिजे. अल्टरनेटर थांबला की उंचावरचा झराच आटतो. मग दोन्ही बॅटऱ्या कायमच्या जोडलेल्या असतील, तर फ्रिज आणि पंखा दोघींतूनही वीज ओढतात, आणि पहाटे गाडीची बॅटरीही उतरलेली आढळते. औषध थंड ठेवण्यासाठी केलेल्या सोयीमुळे आडरानात गाडीच अडून बसावी, यापरते दुर्दैव कोणते? सरकारी हिशेबात एका शीर्षाखाली मंजूर झालेली रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली परस्पर खर्च करता येत नाही. ‘इंजिन सुरू करणे’ या शीर्षाखालची शिल्लक रात्रीच्या खर्चासाठी कधीही उपलब्ध असता कामा नये.

कायमच्या जोडणीत दुसराही एक धोका दडलेला असतो. चावी फिरवून स्टार्टर मारला, की तो जवळची वीज आणि लांबची वीज असा भेद करीत नाही. दुसरी बॅटरी जोडलेली असेल, तर तिच्यातूनही तो प्रवाह खेचतो, आणि चार्जिंगसाठी टाकलेल्या बारीक वायरीतून तिच्या सोसण्याच्या कितीतरी पट प्रवाह जाऊ लागतो. फ्यूज असेल तर तो उडतो. नसेल तर वायर तापते आणि वरचे प्लास्टिक वितळते.

या दोन्ही दोषांवर जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे रिले. रिले हा विजेनेच उघडझाप होणारा स्विच आहे. आज प्रचारात असलेला रिले दाब ओळखणारा असतो. इंजिन सुरू होऊन दाब साधारण १३.३ व्होल्टवर चढला, म्हणजे तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, दाब १२.८ च्या आसपास उतरला, की तोडतो. माणसाच्या विसरण्याला त्यात वाव राहत नाही, हा त्याचा मोठा गुण. हाताने चालू-बंद करावयाचा स्विचही मिळतो. पण थकलेला चालक रात्री तो बंद करण्यास एकदा तरी विसरतोच.

अलीकडच्या अनेक गाड्यांत मात्र रिले पुरेसा पडत नाही. इंधन वाचावे म्हणून या गाड्यांतील संगणक अल्टरनेटरचा दाब सतत कमीजास्त करीत असतो. उतारावर किंवा वेग कमी करताना दाब वाढतो. सरळ रस्त्यावर तो इतका उतरतो, की रिलेला इंजिन बंद पडल्याचा भास व्हावा. अशा गाडीत दिवसभर प्रवास करूनही दुसरी बॅटरी अर्धपोटी राहते. येथे ‘डीसी-टू-डीसी चार्जर’ या नावाने मिळणारे उपकरण वापरावे. गाडीकडून कमी दाबाची वीज आली तरी हे उपकरण ती चढवून बॅटरीला मानवेल त्या दाबाने देते, आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह ओढत नाही. पंपाने पाणी वरच्या टाकीत चढवावे, तसे त्याचे काम चालते. मात्र अशा गाडीत त्याला चावीच्या वायरीची खूण जोडावी लागते, म्हणजे इंजिन चालू असतानाच ते काम करते. ते रिलेपेक्षा महाग असते. पण नव्या गाडीसाठी तोच योग्य मार्ग आहे. अशा गाड्यांत बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर प्रवाह मोजणारे एक लहान यंत्र बसवलेले असते. म्हणून दुसऱ्या बॅटरीची ऋण वायर त्या टर्मिनलला न जोडता गाडीच्या सांगाड्याला, रंग खरवडून स्वच्छ केलेल्या जागी, घट्ट जोडावी.

दुसरा नियम वायरीसंबंधी आहे. बाजारात वायर जाडीने मोजतात आणि लोक ती किमतीने निवडतात. समजा, बॉनेटखालची बॅटरी आणि डिकीतील बॅटरी यांच्यामध्ये ५ मीटर अंतर आहे, आणि ऋण वायरही तेवढीच लांब टाकली आहे. म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबे झाले. त्यातून ३० ॲम्पिअर प्रवाह जावयाचा असेल आणि वायर घरच्या प्लगसाठी वापरतात तशी अडीच चौरस मिलिमीटरची असेल, तर वाटेतच सव्वादोन व्होल्टांच्या आसपास दाब खर्ची पडतो. उतारच मुळात दीड-दोन व्होल्टांचा. तो सगळा वाटेतच संपला, तर बॅटरीच्या वाट्याला काय येणार? तेवढी वीज वायर तापवण्यात जाते आणि बॅटरीला मिळणारा प्रवाह अगदी मंदावतो. त्याच ठिकाणी १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, तर तोटा पाऊण-एक दशांश नव्हे, तर सुमारे एक-तृतीयांश व्होल्टावर येतो, आणि तो चालण्यासारखा असतो. वायर अनेक बारीक तारांची, लवचीक असावी. धारदार पत्र्यातून जाताना तिला रबरी बोंडी घालावी, आणि तापणाऱ्या सायलेन्सरपासून ती दूर ठेवावी.

तिसरा नियम फ्यूजचा, आणि सर्व नियमांत हा अत्यंत महत्त्वाचा आहे. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून ही वीज निरुपद्रवी आहे, अशी समजूत असते. ती घातक आहे. मनुष्याच्या कोरड्या कातडीतून १२ व्होल्ट फारसा प्रवाह ढकलू शकत नाहीत, हे खरे; पण लोखंडी पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला, तर त्यातून शेकडो ॲम्पिअर वाहतात आणि तो क्षणात लालबुंद होतो. वायरीचे आवरण घासून तांबे गाडीच्या पत्र्याला टेकले, तर हेच घडते. घरच्या विजेला मीटरकडे एक फ्यूज पुरतो, कारण वीज एकाच बाजूने येते. येथे दोन बॅटऱ्या आहेत, म्हणजे वायरीच्या दोन्ही टोकांना विजेचे उगम आहेत. म्हणून दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, एकेक फ्यूज हवाच. एकाच टोकाला फ्यूज ठेवला, तर दुसऱ्या टोकाची बॅटरी ती वायर जाळण्यास मोकळी राहते. फ्यूजचा आकडा वायरीच्या सोसण्याच्या शक्तीपेक्षा कमी असावा. तो वारंवार उडू लागला, तर मोठा फ्यूज न घालता दोष शोधावा.

याच संदर्भात डॅशबोर्डवरच्या सॉकेटचा विचार करावयास हवा. मुळात सिगारेट पेटवण्यासाठी असलेले हे सॉकेट आता फोन चार्ज करण्याच्या कामी येते. त्याचा फ्यूज बहुधा १० ते १५ ॲम्पिअरचा असतो. दुसरी बॅटरी सरळ या सॉकेटला जोडणे चुकीचे आहे. कारण उतरलेली बॅटरी याहून अधिक प्रवाह ओढू शकते, आणि चावी फिरवताच उलटा प्रवाहही त्यातून वाहू शकतो. गाडीत कोणताही फेरफार करावयाचा नसेल, तर सॉकेटच्या मर्यादेत राहणारा, पाच-सात ॲम्पिअरचा लहान डीसी-टू-डीसी चार्जर वापरता येतो. त्याने बॅटरी सावकाश भरते, पण सुरक्षितपणे भरते. तरीही इंजिन बंद केल्यावर त्या सॉकेटची वीज बंद होते की नाही, हे आधी पाहून घ्यावे. कित्येक गाड्यांत ती चालूच राहते.

बॅटरी ठेवण्याची जागा हा चौथा प्रश्न. १०० ॲम्पिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीचे वजन २५ ते ३० किलो असते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून अर्ध्या-पाऊण मीटरात थांबली, तर २५ किलोंची ही वस्तू सुमारे ४०० किलोंच्या जोराने पुढे झेपावते. मागच्या आसनावर नुसती ठेवलेली बॅटरी अपघातात प्रवाशांचा प्राण घेऊ शकते. म्हणून ती जमिनीला बोल्टांनी बसवलेल्या खोक्यात, लोखंडी पट्टीने किंवा मजबूत पट्ट्याने आवळून ठेवावी. तिच्या टर्मिनलांवर रबरी टोप्या असाव्यात, म्हणजे डिकीतील जॅक किंवा पाना त्यांवर पडून ठिणगी उडणार नाही.

शिशाची बॅटरी भरताना, विशेषतः शेवटच्या टप्प्यात, तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले, की एका ठिणगीने स्फोट होतो. बंदिस्त बॅटरीतही झडप असते, आणि दाब अधिक झाला तर तीही वायू सोडते. झाकणांची साधी बॅटरी असेल, तर तिचा वायू नळीने गाडीबाहेर नेलाच पाहिजे. माणसे बसतात तेथे ती ठेवू नये. गाडीत सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला किंवा बॅटरीचे अंग हाताला कढत लागले, तर गाडी बाजूला घ्यावी, काचा उघडाव्यात, इंजिन बंद करावे आणि बॅटरी थंड होईपर्यंत तिच्या टर्मिनलांना हात लावू नये.

हे सर्व नीट जमले, तरी एक निराशा पदरी येण्याचा संभव असतो, ती वेळाच्या हिशेबाविषयी. लहान फ्रिज, श्वासाचे यंत्र, एक दिवा आणि फोन यांनी एका रात्रीत ४० ॲम्पिअर-तास वीज खर्च केली असे धरू. १०० ॲम्पिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीला हा खर्च मानवतो. निम्म्याच्या खाली मात्र तिला उतरू देऊ नये. दुसऱ्या दिवशी २० ॲम्पिअरच्या चार्जरने ती भरावयास घेतली, तर भागाकार करून दोन तास पुरेसे वाटतात. प्रत्यक्षात तसे घडत नाही. साठापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत ती तासाभरात भरते. पुढे मात्र तिची भूक मंदावते आणि उरलेल्या वीस टक्क्यांना चार-पाच तास लागतात. घागर तोंडाशी आली की धार बारीक करावी लागते, तसाच हा प्रकार आहे. मुंबईहून पुण्याला जाण्याएवढ्या प्रवासात बॅटरी पुष्कळशी भरेल, पण पूर्ण भरणार नाही. रोज अशी अर्धवट भरलेली बॅटरी वापरत राहिले, तर तिच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण कण साचतात आणि तिची धारणशक्ती कायमची घटते. म्हणून दर चार-सहा दिवसांनी, मुक्कामाच्या ठिकाणी घरच्या विजेवर चालणाऱ्या चार्जरने, ती रात्रभर लावून काठोकाठ भरून घ्यावी.

हा त्रास टाळण्यासाठी अनेक जण लिथियमच्या बॅटरीकडे वळले आहेत. वाहनासाठी त्यांतील लिथियम-आयर्न-फॉस्फेट हा प्रकार अधिक स्थिर समजला जातो. ती वजनाने निम्म्याहून हलकी असते आणि झटपट भरते. पण तिची भूक दांडगी असल्यामुळे साध्या रिलेने जोडल्यास ती अल्टरनेटरकडून इतका प्रवाह ओढते, की तो तापून जळण्याची भीती असते. घाटात किंवा गर्दीत इंजिन मंद फिरत असताना ही भीती अधिक. शिवाय तिच्यातील संरक्षक यंत्रणा मध्येच जोडणी तोडते, तेव्हा दाब एकदम उसळून अल्टरनेटरचे डायोड बिघडू शकतात. त्यामुळे लिथियमसाठी प्रवाहाला मर्यादा घालणारा चार्जर हा ऐच्छिक राहत नाही. थंडीतही तिचा स्वभाव वेगळा आहे. शून्य अंशाखाली ती भरू लागल्यास आतल्या पत्र्यांवर धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि बॅटरी कायमची बिघडते. लडाखमध्ये हिवाळ्यात पहाटे गाडी सुरू करताच तिचे चार्जिंग सुरू होणार नाही, अशी व्यवस्था हवी. शिशाच्या बॅटरीची रीत उलट आहे. भरलेली असता ती कडाक्याची थंडी सोसते. पुरती उतरली असता मात्र तिच्यातील आम्ल पाण्यासारखे पातळ होते आणि उणे दहा अंशांच्या आतच गोठून कवच तडकू शकते.

शेवटी हात लावण्याची शिस्त. काम सुरू करण्यापूर्वी अंगठी, बांगडी आणि धातूचा घड्याळपट्टा काढून ठेवावा. बॅटरी सोडवताना ऋण वायर आधी आणि धन वायर नंतर सोडवावी. जोडताना धन आधी, ऋण शेवटी. सर्व फ्यूज अगदी अखेरीस बसवावेत. डोळ्यांत आम्ल उडाले, तर निदान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरून डॉक्टरांकडे जावे. जोडणी पूर्ण झाल्यावर पहिल्याच दिवशी अर्धा तास गाडी चालवून थांबावे, आणि वायर, फ्यूज व टर्मिनल यांना बाहेरून हात लावून पाहावे. जेथे ऊब जास्त लागेल, तेथे जोड सैल आहे किंवा वायर बारीक आहे. इंजिन चालू असताना दुसऱ्या बॅटरीच्या टर्मिनलांवर मीटर धरला, तर चार्जिंग पुढे सरकल्यावर आकडा हळूहळू १४ व्होल्टांच्या पलीकडे गेलेला दिसावा. इंजिन बंद केल्यावर थोड्या वेळात दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे वेगवेगळे दिसू लागले, तर जोडणी खरोखरच तुटली आहे, अशी खात्री पटते. गाडीची मूळ वायर मात्र कापू नये. त्याने वॉरंटी जाते आणि पुढील दुरुस्ती करणाऱ्याचीही फसगत होते. स्वतःच्या हातावर विश्वास नसेल, तर हे काम जाणत्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. पण दोन्ही टोकांचे फ्यूज कोठे बसवले, हे त्याला विचारून स्वतः पाहावे.

आणि ज्याचे औषध किंवा श्वास या बॅटरीवर अवलंबून आहे, त्याने तिच्यावरही सर्वस्वी विसंबू नये. इन्सुलिनसाठी बर्फाच्या पिशव्यांची पेटी, श्वासाच्या यंत्रासाठी मुक्कामी घरच्या विजेची सोय, आणि वाटेतल्या रुग्णालयांची माहिती बरोबर असावी. उत्तम जोडणीचा उपयोग असा, की या गोष्टींची वेळ बहुधा येत नाही.